पहिल्या वाटीचा मान

आमच्या शेजारच्या नोर्बू हॉटेलमध्ये संध्याकाळी गॅस कधी पेटवायचा, हे हंबीरराव ठरवत. हॉटेल त्यांचं नव्हतं, गॅस त्यांचा नव्हता आणि स्वयंपाकातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरी रोज दिवेलागणीला ते छत्री टेकत यायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. स्वयंपाक करणारी आक्काताई दुपारीच शिजवून ठेवलेल्या थुक्प्याची पहिली वाटी त्यांच्या हातात द्यायची. ते वाटीवर नाक धरायचे, मग एक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "झकास. पेटवा." मग मोठी शेगडी पेटायची. तोवर कुणी भुकेलेला येऊन बसला तर हंबीररावच त्याला गप्प करत, "पावणं, जरा दम काढा. अजून पेटलं न्हाय." गल्लीत याला पहिल्या वाटीचा मान म्हणत. आपल्याकडे मान म्हटलं की माणूस विषसुद्धा चाखून बघेल.

माझं फॉल-पिकोचं दुकान नोर्बूला लागूनच आहे. मधली भिंत एका विटेची, आणि जमिनीलगत कधीकाळी पाइपासाठी पाडलेलं एक भोक, जे बुजवतो बुजवतो म्हणत घरमालकानं आजवर बुजवलेलं नाही. त्या भोकातून येणाऱ्या तळणीच्या वासापायी गिऱ्हाइकांच्या साड्या मंच्युरियनसारख्या वास मारतात, म्हणून मी सुरुवातीला पुष्कळ भांडले. मी भांडखोर आहे हे कोल्हापुरातल्या सगळ्या शाहूपुरीला माहीत आहे. पण आक्काताईशी माझं भांडण कधी टिकलं नाही.

नोर्बू म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. बाहेर 'तिबेटियन अँड चायनीज' अशी पाटी, आत प्लास्टिकची टेबलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्यापुढे ओळीनं मांडलेल्या पाण्याच्या वाट्या. मागे दोन पायऱ्या उतरून स्वयंपाकघर. एसटीचे ड्रायव्हर, वसतिगृहातली पोरं, कोर्टातले कारकून, सगळ्यांना पोटभर आणि खिशाला परवडेल असं इथं मिळायचं. थुक्पा म्हणजे शेवया, भाज्या आणि कोंबडीचं गरम पातळ कालवण. आपल्या लोकांना ते आधी आजाऱ्याचं जेवण वाटलं. मग आक्काताईनं प्रत्येक टेबलावर कांदा-लसूण चटणीची बरणी ठेवली आणि गर्दी सुरू झाली.

आक्काताई शिरोळकडची. कृष्णाकाठचं गाव, चहूकडे ऊस. तिच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरात बुद्धाची तसबीर आली, पण गावच्या पंगतीतली त्यांची जागा होती तिथंच राहिली, शेवटी आणि बाजूला. नवरा लवकर गेला, मुलगी रूपाली चंदगडला दिली. मग महापूर आला आणि सगळं गाव उठून एका शाळेतल्या शिबिरात गेलं. तिथं स्वयंपाकाला माणूस नव्हतं, म्हणून आक्काताई आपणहून चुलीशी बसली आणि तिनं मोठा हंडा भरून खिचडी केली. लोक ताटल्या घेऊन रांगेत आले. कुणीतरी विचारलं, "कुणी केलीया?" ज्यानं उत्तर दिलं त्यानं ते हळूच दिलं, पण रांगेला ऐकू गेलं. मग एकेकाला भूक नाही असं आठवायला लागलं. शेजारच्या टेबलावर वाटपाला आलेले बिस्किटाचे पुडे होते. लोकांनी ते घेतले.

"खिचडी निम्मी उरली, वैनी," ती मला म्हणाली होती. "पुडं मातर संपलं." हे तिनं साडीला फॉल लावून घेताना सांगितलं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

घर पुरात पडलं होतं. ती कोल्हापुरात आली आणि धुणी-भांडी करू लागली. थंडीत कर्नाटकातल्या मुंडगोडची तिबेटी मंडळी स्वेटर विकायला येतात, त्या बाजारात ती एक स्वेटर बघायला गेली. त्यांतल्या डोल्मा नावाच्या बाईच्या दुकानात बांबूला बुद्धाची तसबीर टांगलेली होती. आक्काताईनं चपला काढल्या, हात जोडले आणि स्वेटर विसरून तशीच उभी राहिली. डोल्मा कितीतरी हिवाळे या गावात येत होती. लोक तिच्याशी घासाघीस करत, तिच्या डोळ्यांवरून पोरं चिडवत, पण तिच्या देवापुढे चपला काढणारं कुणी भेटलं नव्हतं. मोडक्या हिंदीत दोघींचं जमलं. टाळेबंदी उठल्यावर गाळे स्वस्त झाले, डोल्मानं हॉटेल काढलं आणि आक्काताईला भांडी घासायला बोलावलं. भांड्यांवरून ती कणकेकडे आली, कणकेवरून शेगडीकडे.

तिनं केलेले मोमो पहिल्यांदा टेबलावर गेले, तेव्हा ती दाराआड उभी राहून बघत होती. खाणारा माणूस जाडजूड, पांढऱ्या मिशांचा, पाटीलकीच्या थाटात बसलेला. दोन मोमो खाऊन त्यानं मान वर केली आणि विचारलं, "कुणी केल्यात ह्या?" आक्काताई दाराआड आणखी मागे सरली. डोल्मानं बिनधास्त दाराकडे बोट दाखवलं. त्या माणसानं तिच्याकडे बघितलं, आणि तो म्हणाला, "आक्का, अजून एक पलेट आण की."

ते हंबीरराव. त्या दिवसापासून ही बाई त्यांची ऋणी झाली. मला ते कधी पटलं नाही. एखाद्यानं आपल्या हातचं खाल्लं, यात उपकार कसला? पण माझ्या हातचं खाणार नाही असं मला आयुष्यात कुणी म्हटलेलं नाही, तेव्हा मी कोण बोलणार.

साथीच्या दुसऱ्या लाटेत आक्काताईला ताप आला. ताप उतरला, ती कामावर आली, सगळं पहिल्यासारखं दिसत होतं. एके दुपारी ती माझ्याकडे ब्लाउज न्यायला आली. मी मागे धागे शोधत होते आणि इस्त्री मी मूर्खासारखी गिऱ्हाइकाच्या साडीवर तशीच ठेवली होती. कापड जळल्याचा वास मला मागच्या खोलीत आला. धावत आले तर आक्काताई इस्त्रीपासून हातभर अंतरावर शांत उभी, कॅलेंडर बघत. साडीतून धूर निघाला तेव्हा कुठे ती दचकली.

मी इस्त्री उचलली आणि तिच्याकडे बघितलं. तिला कळलं की मला कळलं.

"तापात गेला त्यो आलाच न्हाय," ती म्हणाली. "वासबी न्हाय आन चवबी न्हाय. समदं पानी. कुनाला सांगू नगा, वैनी. सवयीनं हात चालतोय, चालंल तवर चालवतो."

"अगं, पण स्वयंपाक करतेस तू. लोक खातात. डोल्माला तरी सांग."

"तिला कळलंय. ती बोलत न्हाय, मी बोलत न्हाय." मग बराच वेळ ती ब्लाउजची घडी घालत राहिली. "वैनी, गावात माझ्या हातचं खाल्लं न्हाय कुनी. हितं लोक तोंडाला पानी सुटून बसत्यात माझ्या हातच्यासाठी. कुनाला एकदा का कळलं, की परत त्येच. कारण निराळं आसंल, खानार कुनी न्हाय."

मी तिला वेड्यात काढलं. कोल्हापूर म्हणजे तुझं गाव नव्हे, असं ठासून सांगितलं. ती नुसती हसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नोर्बूत पहिल्या वाटीचा मान सुरू झाला. हंबीररावांना वाटलं, आपला आदर. कोर्टातले दत्तप्रसाद कारकून जळफळले, कारण मान त्यांना हवा होता. सगळ्या गल्लीत डोल्मा सोडली तर फक्त मला माहीत होतं की आक्काताईनं हुशारीनं एक नाक मिळवलं आहे. आणि तेही साधंसुधं नाही. हंबीरराव नोकरीत असताना एका डेअरीत दूध घ्यायच्या धक्क्यावर होते. कॅनचं झाकण उघडायचं, वास घ्यायचा, नासकं असेल तर कॅन परत. ही त्यांची कामगिरी सगळ्या पेठेला पाठ होती. "माझ्या नाकानं भल्याभल्यांचं कॅन माघारी गेल्यात," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत. मीठ कमी पडलं तर ते सांगत, कोंबडीला वास मारला तर सांगत, आणि आक्काताई मान लववून "व्हय" म्हणे. एकदा दारात वाटी घेऊन उभे असताना ते म्हणाले, "आक्का, गॅसचा वास येतोय की ग." शेगडीची खुंटी अर्धवट उघडी राहिली होती. आक्काताईनं ती बंद केली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मीठ आणि कोंबडी ठीक आहे, पण दोन सिलिंडर असलेल्या, दोन पायऱ्या खाली असलेल्या, एका खिडकीच्या त्या खोलीत ही बाई लायटर घेऊन एकटी उभी असते, हे माझ्या डोक्यात आधी आलंच नव्हतं.

डोल्माच्या डोक्यात आलं होतं. दुपारचं काम आटोपलं की ती केर काढायच्या निमित्तानं सिलिंडरशी वाकायची, नळीजवळ नाक न्यायची, रेग्युलेटर बंद करायची आणि मग बुद्धापुढच्या वाट्यांकडे वळायची. गॅसची गळती ओळखून भोंगा वाजवणारं यंत्र मिळतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "लावलं तर लोक विचारतील, का लावलं." त्यामुळे यंत्र काही आलं नाही.

अशी काही वर्षं गेली. मग एका जुलैत डोल्माची आई मुंडगोडला आजारी पडली आणि डोल्मा तिकडे गेली. पाऊस दिवसेंदिवस उघडत नव्हता. खिडक्या फुगून बसल्या होत्या, भिंतींना ओल आली होती, गटारातले उंदीर घराघरात शिरले होते. नोर्बूची मागची खिडकी आक्काताईनं पाणी येतं म्हणून घट्ट लावून घेतली. मी रोज संध्याकाळी त्या भोकाकडे बघत होते. काही झालेलं नव्हतं, तरी मला कामात चित्त लागत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी हंबीरराव माझ्या दुकानावरून गेले तेव्हा त्यांनी ओळीनं शिंका दिल्या. डोळे लाल, आवाज बसलेला. "काय हंबीरराव, सर्दी?" मी विचारलं. त्यांनी रुमाल चटकन खिशात कोंबला. "कुठली सर्दी? पाऊस उडाला नाकात." समोरून दत्तप्रसाद येत होते, आणि आपल्या आजारपणाची बातमी त्यांना लागायला नको होती. एक दिवस जरी वाटी त्यांच्या हातात गेली असती, तरी हंबीररावांना ती परत मिळाली नसती.

संध्याकाळी वीज गेली. मशीन बंद पडलं, म्हणून मी जमिनीवर बसून सांडलेल्या टाचण्या वेचत होते. वास आला तेव्हा आधी मला गटारच वाटलं. मग मी भोकाजवळ वाकले, तर तो गॅसचा होता. गॅस जड असतो, तो खाली साचतो. मी बसलेली नसते तर मला तो आलाही नसता.

मी पळाले. नोर्बूत गिऱ्हाईक अजून कुणी नव्हतं. हंबीरराव स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरे उभे होते, हातात रिकामी वाटी. मी पोचेपर्यंत त्यांचं 'झकास' म्हणून झालं होतं. खाली अंधारात, मेणबत्ती न लावता, आक्काताई मोठ्या शेगडीपुढे उभी होती. तिच्या हातात लायटर होता आणि अंगठा दांडीवर होता.

"आक्का, हात खाली घे. गॅस सुटलाय."

तिचा हात थांबला. हंबीरराव वळले.

"कुठला गॅस, वैनी? गटारीचा वास हाय त्यो. पावसात ही गल्ली अशीच घाण मारती. मी हितं उभा न्हाय व्हय?"

"तुम्हाला सर्दी झालीय हंबीरराव. सकाळपासून शिंकताय."

"मला?" त्यांचा चेहरा काळवंडला. "हजार कॅनातनं नासका कॅन काढायचो मी. आन तुमी मला वास शिकवताय? काय वास न्हाय हितं. आक्का, पेटव."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मी पायऱ्या उतरू लागले तर हंबीरराव दारात आडवे झाले. त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं, हे मी आजही मानते. त्यांना फक्त खोटं पडायचं नव्हतं. आणि कोपऱ्यात फ्रिज होता. वीज कुठल्याही क्षणी येणार होती. फ्रिज सुरू होताना त्याच्या पोटात एक ठिणगी पडते, हे मला दुरुस्तीवाल्यानं सांगितलेलं नेमकं तेव्हा आठवलं.

"आमचं दोगांचं जाऊ दे," हंबीरराव म्हणाले. "आक्का, तूच सांग. तुझी शेगडी, तुझं नाक. येतोय का वास?"

आक्काताईनं श्वास आत घेतला. मी बघत होते, तिनं खरोखर घेतला, छाती भरून, डोळे मिटून. तिला काय येणार होतं? बाहेर पाऊस पडत होता. एक शब्द बोलायचा अवकाश होता. 'न्हाय' म्हटलं असतं तर तिची शेगडी राहिली असती, फार तर एक क्षण. 'व्हय' म्हटलं असतं तर हंबीरराव खोटे पडले असते, आणि पहिल्या दिवशी "अजून एक पलेट" म्हणणाऱ्या माणसाला खोटं पाडायला तिची जीभ रेटली नसती.

तिनं लायटर ओट्यावर ठेवला, आवाज होणार नाही इतका हळू.

"मला वास येत न्हाय," ती म्हणाली. "तापात गेला तवापास्नं येत न्हाय. तुमच्या नाकावर चाललंतं समदं, दादा. वैनी म्हनत्यात तर आसंल गॅस. तुमी दोगं भाइर जावा."

हंबीरराव बाजूला झाले. ती अंधारात वाकली, हातानं चाचपत सिलिंडरशी गेली आणि तिनं रेग्युलेटर बंद केला. दुपारी तो बंद करायचं काम नेहमी डोल्मा करायची, तिच्या हाताला ती सवयच नव्हती, म्हणून तो दुपारपासून उघडाच राहिला होता. नळीवरून बोट फिरवल्यावर तिला उंदरानं कुरतडलेली जागा लागली. मागचं दार तिनं खांद्यानं धक्के देऊन उघडलं आणि पाऊस आत आला. आम्ही तिघं रस्त्यावर भिजत उभे राहिलो. बऱ्याच वेळानं वीज आली. आत फ्रिज घरघरला. मी दुकानाच्या पायरीवर बसले.

हंबीररावांनी रुमाल काढून नाक शिंकरलं, आता लपवायचं काही उरलं नव्हतं. मला वाटलं, हा माणूस आता हिचे पाय धरेल. तोवर शेजारपाजारचे जमले होते, दत्तप्रसादही होते. त्यांच्याकडे बघून हंबीरराव म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं आमी कुनाच्या हातचं खात हुतो?"

सर्दीबद्दल ते बोलले नाहीत. मी बोलले, पदर खोचून आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. पण लोकांना एक गोष्ट मिळाली होती आणि दुसरी नको होती. आक्काताई दारात उभी होती. तिनं ते वाक्य ऐकलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मला मात्र इतकी लाज वाटली की मी मान खाली घातली.

डोल्मा परत आली. सगळं ऐकून ती इतकंच म्हणाली की शेगडीशी आक्काच राहील. नळी नवी आली, भोंग्याचं यंत्रही आलं, ओट्याखाली त्याचा हिरवा दिवा सारखा जळत असतो. भिंतीतलं भोक बुजवायला घरमालक लगेच आला, मीच त्याला हाकलून दिलं.

लोकांनी येणं सोडलं नाही, हे मला जास्त भीतीदायक वाटतं. ते येतात, पंख्याखाली बसतात, आक्काताईची चौकशी करतात, "बिचारी" म्हणतात. मग कुणाचं पोट बिघडलेलं असतं, कुणी घरून जेवून आलेलं असतं. दत्तप्रसाद वेफर्सचा पुडा मागतात आणि आतल्या टेबलावर बसून तो खातात. डोल्मानं काचेचं नवं कपाट आणलं आहे, त्यात थंड पेयांच्या बाटल्या आणि पुडे. सगळ्यात जास्त खप त्याचा आहे. परवा कपाट भरताना आक्काताई एक पुडा हातात घेऊन थांबली. "वैनी," ती म्हणाली, "शिबिरातबी आसंच हुतं."

काल संध्याकाळी मी वाटी घ्यायला गेले. हल्ली मीच जाते. मीठ कमी होतं, मी तसं सांगितलं, तिनं घातलं. तेवढ्यात हंबीरराव आले. सर्दी केव्हाच गेली होती. दारात थांबून त्यांनी मिशी वर केली आणि खोल श्वास घेतला.

"वास झकास सुटलाय," ते म्हणाले. खरंच सुटला होता.

आक्काताईचा हात वाटीकडे गेला. ती अर्धी भरलीसुद्धा.

"न्हाय, न्हाय," ते म्हणाले. "पान्याची बाटली दे एक. सीलबंद बघून दे."

तिनं वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसला आणि बाटली दिली. त्यांनी झाकण फिरवून सील तुटल्याचा आवाज कानाशी धरून ऐकला, मग पाणी प्यायले आणि छत्री टेकत निघून गेले. आक्काताई पायऱ्या उतरून शेगडीपाशी गेली. लायटर हातात घेऊन तिनं वर माझ्याकडे बघितलं.

"वैनी, पेटवू?"

हिरवा दिवा जळत होता. तरीही मी खाली उतरले, सिलिंडरशी वाकले आणि वास घेतला. मग आणखी एकदा घेतला, आणि मगच हो म्हटलं.